उशाशी बसणाऱ्या मावशी

दिवाळी तोंडावर आली की आपल्या पांढरपेशा घरांतून पोस्त द्यावयाच्या माणसांची यादी होते. दूधवाला, पेपरवाला, जिना झाडणारा, कचरा नेणारा, गुरखा, पोस्टमन, धुणेभांडी करणाऱ्या बाई. कोणाला किती, यावर नवराबायकोंत थोडी घासाघीस होते आणि शेवटी मागल्या वर्षीच्या आकड्यात जराशी भर घालून यादी पुरी होते. या यादीतून एक नाव पुष्कळदा गळते. ते कोणी मुद्दाम गाळत नाही. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या उशाशी बारा तास बसणारी बाई 'ब्यूरोची' असते, तिचा हिशेब ब्यूरोशी असतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तीच येईल की तिची बदली, हे कोणालाच ठाऊक नसते. मग पोस्त द्यावयाची ती कोणाच्या हातात?

यादीतून गळण्याची त्या बाईला सवय आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीने आपल्याला जितक्या याद्या करावयास लावल्या, तितक्या एरवी एका पिढीत होत नाहीत. रस्त्यावर कोणी यावे, लोकलमध्ये कोणी चढावे, विमा कोणाला, लस आधी कोणाला, सोसायटीच्या फाटकातून आत कोणाला सोडावे, प्रत्येकाची निराळी यादी. डॉक्टर त्यांत होते, परिचारिका होत्या, आशा सेविका होत्या, पोलीस आणि सफाई कामगार होते. त्यांच्यासाठी आपण गच्चीत उभे राहून थाळ्याही वाजविल्या. रुग्णाच्या अगदी उशाशी बसणारी ही बाई मात्र एका यादीत अर्धीमुर्धी आली आणि बाकीच्यांतून निसटली. ती कशी, हेच येथे सांगावयाचे आहे.

आया, सिस्टर की मावशी?

प्रथम तिला म्हणावे काय, येथूनच पंचाईत आहे. ब्यूरोच्या पावतीवर 'अटेंडंट' किंवा 'पेशंट केअर' असे काहीतरी छापलेले असते. आजी तिला 'सिस्टर' म्हणतात. सूनबाई 'मावशी' म्हणतात, मग ती सूनबाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान का असेना. शेजारीण मात्र सरळ 'आयाबाई' म्हणते. 'आया' हा शब्द पोर्तुगीजांनी आणलेला. मुलांना सांभाळणारी बाई असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे तो दवाखान्यात शिरला आणि तेथून म्हाताऱ्यांच्या खोलीत आला. मी वर्गात मराठी शिकविते, तेव्हा शब्दांच्या कुळाकडे लक्ष जाणारच. या कामासाठी आपल्याजवळ एक फार सुरेख शब्द आहे: शुश्रूषा. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि त्यापासून झालेल्या 'शुश्रूषा' शब्दाचा धात्वर्थ 'ऐकण्याची इच्छा'. जो दुसऱ्याचे ऐकावयास उत्सुक असतो, तोच त्याची सेवा करतो, अशी ही कल्पना. तो शब्द आपण निबंधात वापरतो. ते काम करणाऱ्या बाईला 'शुश्रूषिका' म्हणावे असे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

कामाचे स्वरूप ज्यांनी जवळून पाहिले नसेल, त्यांना ते 'नुसते बसून राहण्याचे' वाटते. सकाळी आठला ती येते. रात्रपाळीच्या बाईकडून रात्रीची हकीकत ऐकून घेते: झोप कितपत लागली, लघवी किती वेळा झाली, अंग गरम होते काय. मग तोंड धुवावयाचे, कवळी काढून घासावयाची, कोमट पाण्याने अंग पुसावयाचे, डायपर बदलावयाचा. माणूस अंथरुणावर असतानाच खालची चादर बदलणे ही एक कलाच आहे. त्याला कुशीवर वळवून जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यावयाची, नवी तिच्यामागोमाग पसरावयाची, मग त्याला दुसऱ्या कुशीवर घ्यावयाचे. साठ किलोचा देह आणि पंचेचाळीस किलोची बाई! दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात, आणि म्हाताऱ्या कातडीवरची जखम लवकर भरत नाही. नाकात नळी असेल तर उशाकडचा भाग उंच करून पातळ अन्न सावकाश सोडावयाचे. घाई झाली तर ते फुफ्फुसात जाण्याचे भय. खोकल्याची उबळ आली की पाठीशी हात धरून बसते करावयाचे, बेडका पुसावयाचा. थोडक्यात, ज्या ज्या गोष्टींपासून सहा फूट दूर राहा असे साथीत जगाला बजावले जात होते, त्या सर्व गोष्टी सहा इंचांवरून करणे हाच तिचा धंदा.

हे ती शिकली कोठे? काहींनी सहायिकेचा छोटासा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. पुष्कळजणी मात्र दुसऱ्या बाईबरोबर आठपंधरा दिवस राहून, बघून बघून तयार झालेल्या असतात. ब्यूरो त्यांना घरे मिळवून देतो आणि पगारातून आपले कमिशन कापून घेतो. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते. ती घेतली की त्या दिवसाचा पगार नाही. बदलीची बाई चांगली निघाली, तर कधी कधी पुढे कामही नाही.

रात्री आठ वाजता

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. रात्री आठ ही या धंद्यात नेमकी पाळी बदलण्याची वेळ. मुंबईच्या लोकलगाड्या तर त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून थांबल्या होत्या. कळवा, दिवा, अंबरनाथ, बदलापूर येथून मुलुंड, घाटकोपर, दादरपर्यंत रोज ये-जा करणाऱ्या या बायकांपुढे तेव्हा दोनच रस्ते उरले. एक तर रुग्णाच्या घरी राहून जावे, नाही तर आपल्या घरी राहून काम सोडावे.

ज्या आत राहिल्या त्यांच्यापैकी काहीजणींशी मी पुढे सवडीने बोलले. माझ्या वर्गातील दोघीतिघी मुलींच्या आयाच हे काम करतात, त्यामुळे ओळख काढावी लागली नाही. एक बाई अंगावरच्या साडीखेरीज एकच जोड घेऊन मुलुंडला गेली होती, ती जून उजाडेपर्यंत तेथेच. घरची माणसे वाईट नव्हती, हे तिने तीनदा सांगितले. गाऊन दिले, जेवण वेळेवर दिले. परंतु दिवसपाळीच्या बाराचे चोवीस तास झाले, रात्रीची बाई येईनाशी झाली, आणि पगार मात्र दुप्पट न होता दीडपटच झाला. झोप म्हणाल तर रुग्णाच्या खोलीत, खाली सतरंजीवर, आजी हाक मारतील तेवढ्यातेवढ्यांच्या मध्ये. 'ताई, मला कोंडून घातले होते असे नाही म्हणवत,' ती म्हणाली, 'पण दार उघडून खाली जरा जाऊन आले असते, तर परत आत घेतले नसते.' सोसायटीचा नियमच तसा होता. एकदा बाहेर गेलेले माणूस पुन्हा आत नाही.

तिची मुलगी माझ्या ऑनलाइन तासाला कधीच नसे. रात्री उशिरा तिचा निरोप येई, 'मॅडम, आजचे काय झाले?' घरातला एकुलता एक स्मार्टफोन आईबरोबर मुलुंडला होता. भावाच्या साध्या फोनवर तास कसा दिसावा? शेजाऱ्यांचा फोन ती रात्री मागून घेई. साथीमुळे मुलांचे शिक्षण बुडाले, असे आपण एका वाक्यात म्हणून टाकतो. त्या वाक्याच्या पोटात अशाही तऱ्हा होत्या.

ज्या आपल्या घरी राहिल्या, त्यांना कोणी काढून टाकले नाही. कामावरच नव्हत्या, मग काढावयाचे कोणी? ब्यूरोचे म्हणणे, घर पैसे देत नाही तर आम्ही कोठून द्यावे? घराचे म्हणणे, आमचा करार ब्यूरोशी. या दोन म्हणण्यांच्या मधल्या फटीत एप्रिल महिना गेला.

आणि मग २१ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने एक खुलासा काढला. टाळेबंदीचा तो अठ्ठाविसावा दिवस. कोणकोणत्या सेवांना मोकळीक आहे याविषयी राज्यांकडून शंका आल्या होत्या, त्यांचे हे उत्तर होते. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी राहून वा जाऊन त्यांच्या अंथरुणाशी सेवा करणाऱ्या माणसांना मोकळीक आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच खुलाशात पावाचे कारखाने, दूधप्रक्रिया केंद्रे, पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्या होत्या, आणि मोबाइलचे पैसे भरण्याची सोयही होती. यात कोणाचा अपमान आहे असे मी म्हणत नाही, पीठही लागतेच. परंतु ज्या म्हाताऱ्यांच्या जिवासाठी म्हणून देश बंद केला, त्यांना उचलून बसविणारे हात अत्यावश्यक आहेत, हे स्पष्ट होण्यास चार आठवडे लागले. शिवाय दिल्लीचा खुलासा आणि सोसायटीचे फाटक यांच्यामध्ये बरेच अंतर असते. फाटकावरचा पहारेकरी मंत्रालयाचे ऐकत नाही, सेक्रेटरीचे ऐकतो.

दोन्हीकडून भय

फाटकावर त्या काळात तिच्या कपाळावर तापमापकाचे पिस्तूल रोखले जाई, हातावर औषध फवारले जाई, चपला बाहेर, पिशवी बाहेर. हे सारे योग्यच होते. पण एक प्रश्न कोणी विचारीत नसे. ती रोग आत आणील, हे भय सर्वांना होते. आतला रोग तिला लागेल याची काळजी कोणाला होती? आजोबांच्या मुलाची बँक चालू होती. नातू मित्रांना भेटून येई. घरात कोणी खोकू लागले, तर तिला सांगितलेच जाई असे नाही. 'सांगितले असते तर ती आलीच नसती ना,' असे एका सुशिक्षित गृहिणीने मला अगदी निरागसपणे सांगितले. तसे म्हटले तर उत्तर बरोबर आहे. फार तर ते इतकेच म्हणता येईल की, येणे न येणे ठरविण्याचा हक्क तिचा होता.

या दुहेरी भयाला आकड्यांची एक बाजू आहे. २०२० च्या जुलैत मुंबईतील तीन वॉर्डांत लोकांचे रक्त तपासण्यात आले. झोपडवस्तीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोना होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. इमारतींतून हेच प्रमाण १६ टक्के होते. दाटी आणि सामाईक शौचालये ही त्यामागची कारणे असावीत, असे तेव्हा सांगण्यात आले. हा आकडा वाचून अनेक सोसायट्यांना आपले फाटक बंद ठेवणे किती शहाणपणाचे, याची खात्री पटली. परंतु तोच आकडा उलटाही वाचता येतो. जिला रात्री परत जाऊन सामाईक नळावर आणि सामाईक शौचालयाच्या रांगेत उभे राहावयाचे आहे, तिला कामाच्या जागी तरी सुरक्षित ठेवणे आपल्याच म्हाताऱ्यांच्या हिताचे होते. आजोबा आणि मावशी यांचा श्वास एकच. तिला वगळून त्यांना वाचविण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

मग मुखपट्टी कोणी द्यावयाची? केंद्र सरकारने २०२० च्या मार्चमध्ये तीन पदरी मुखपट्टीची कमाल किंमत १० रुपये ठरवून दिली होती. दिवसाला एक धरली तरी महिन्याचे तीनशे रुपये. घराला ते जड नव्हते, ब्यूरोलाही नव्हते. पण ते कोणाच्याच खात्यावर पडत नव्हते, म्हणून ते तिच्या खात्यावर पडले. बऱ्याचजणींनी ओढणीच्या, जुन्या साडीच्या पट्ट्या शिवून घेतल्या आणि त्याच धुऊन धुऊन वापरल्या. हातमोजे तर डायपर बदलण्यासाठी एरवीही लागतात. ते महागले तेव्हा 'दिवसाला एकच जोडी' असा हिशेब काही घरांतून सुरू झाला. एक अडचण अशी की ती कोणत्याच नियमावलीत सापडावयाची नाही. कमी ऐकू येणारी म्हातारी माणसे समोरच्याच्या ओठांवरून बोलणे समजून घेतात. ओठ झाकले की त्यांना काही कळेना, ती घाबरत, चिडत, औषध थुंकून टाकीत. विस्मरणाचा आजार असलेल्या एका आजींना तर तोंड बांधलेली बाई म्हणजे चोर वाटे. त्यांना भरविताना मावशी मुखपट्टी हनुवटीखाली ओढी. धोका तिला कळत नव्हता असे नव्हे. पण तसे केल्याखेरीज आजी घास घेत नसत.

घरात रुग्ण निघाला की तिला चौदा दिवस घरी बसावयाचे, बिनपगारी. तिला स्वतःला झाला तर घर दुसरी बाई बघे. म्हणून अंगदुखी, कणकण लपविणे हे या धंद्यातले शहाणपण ठरले. तिने लपविले म्हणून आपण तिला दोष देतो, पण आजारपणाच्या रजेचा पगार नसलेल्या माणसाकडून सत्याची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून दान मागणे होय.

अकरा ते तीन

मुंबईच्या लोकलची हकीकत तर मुळातूनच ऐकण्यासारखी आहे. १५ जून २०२० पासून गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील माणसांसाठी. सरकारी रुग्णालये, पालिका, पोलीस, मग हळूहळू आणखी काही. डब्यात चढण्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागे. रुग्णालयातील वॉर्डबॉयजवळ ते असते. ब्यूरोच्या बाईजवळ असावयाचे काय? फार झाले तर ब्यूरोची मळकी पावती, आणि ती पाहून स्थानकावरचा शिपाई हसे. म्हणून कोणी ठाण्यापर्यंत एस.टी.च्या रांगेत दीड दीड तास उभी राहिली, कोणी तिघींनी मिळून रिक्षा केली, कोणी दिव्याहून डोंबिवलीपर्यंत पायी आली.

२१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना लोकलने प्रवास करण्याची परवानगी मिळाली. नवरात्रातच ही परवानगी आली म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. वेळा मात्र ठरवून दिल्या होत्या: सकाळी अकरा ते दुपारी तीन, आणि संध्याकाळी सातनंतर. आता मावशींची दिवसपाळी आठ ते आठ. म्हणजे रात्री आठला सुटून ती गाडीने घरी जाऊ शकत होती. सकाळी आठला कामावर येण्यासाठी गाडी नव्हती! रात्रपाळीची बाई येऊ शकत होती, सकाळी परतू शकत नव्हती. हे वेळापत्रक करणाऱ्यांनी गर्दीचा विचार केला होता, आणि तो करणे भागच होते. फक्त पहाटे उठून दुसऱ्याच्या घरी जाणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे आली नाही. सर्वसामान्य प्रवाशांना वेळेच्या मर्यादेत का होईना गाडी खुली झाली, ती १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि एप्रिलात दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद.

विमा आणि लस यांची गोष्ट थोडक्यात सांगते. साथीशी झुंजणाऱ्या सुमारे बावीस लाख आरोग्यकर्मींसाठी केंद्राने २०२० च्या मार्चअखेर ५० लाखांचा विमा जाहीर केला. तो सार्वजनिक आरोग्यसेवेतील आणि साथीच्या कामी नेमलेल्या माणसांसाठी होता. खाजगी घरातील सेविका त्यात बसत नव्हती. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला आरोग्यकर्मींपासून सुरू झाले, १ मार्चला साठीपुढच्यांची पाळी आली, १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढच्यांची. म्हणजे पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांना, ते केंद्रापर्यंत जाऊ शकत असल्यास, मार्चमध्ये लस मिळाली. त्यांना धरून केंद्रावर नेणाऱ्या अडतीस वर्षांच्या मावशीची पाळी मे महिन्यात आली, आणि तोच साठा संपल्यामुळे राज्याला त्या वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवावे लागले. दुसऱ्या लाटेत राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये देण्याचे जाहीर केले. 'नोंदणीकृत' हा शब्द येथे महत्त्वाचा. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, ही राज्याला भूषणावह गोष्ट. पण मी ज्यांच्याशी बोलले त्या बायकांपैकी एकीचीही तेथे नोंद नव्हती. आपण 'घरेलू' की 'नर्सिंग', हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

न्यूयॉर्कच्या मावशी

आपल्यापैकी कित्येकांची अशी स्थिती आहे की आई पार्ल्यात आणि मुलगा न्यूजर्सीत. साथीत विमाने बंद पडली तेव्हा त्या आईचा सारा भार मावशींवर आला, आणि मुलगा रोज रात्री पडद्यावरून दोघींशी बोलू लागला. त्या मुलाच्या शेजारीपाजारी काय चालले होते? तेथे या बायकांना 'होम हेल्थ एड' म्हणतात. अमेरिकेत त्या वीस लाखांहून अधिक आहेत. बहुसंख्य स्त्रिया, त्यांतही कृष्णवर्णीय आणि बाहेरदेशांतून आलेल्या पुष्कळ.

श्रीमंत देशात त्यांची व्यवस्था चोख असेल, अशी आपली समजूत असते. न्यूयॉर्कमधील वैद्यकीय संशोधकांनी २०२० च्या वसंतात शहरातील चोवीस एजन्सींच्या तेहतीस सेविकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच वर्षी त्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना भाषा तेवढी परकी वाटते, बाकी सारे ओळखीचे. मुखपट्ट्या, हातमोजे यांचा पुरवठा कोठे बरा, कोठे अपुरा. मग दुसरीकडून मिळवावयाचे. गर्दीच्या आगगाडीतून एका घरून दुसऱ्या घरी जावयाचे. तब्येत सांभाळावी की पगार, हा पेच. आणि सर्वांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा: आघाडीवर आम्हीही आहोत, पण आम्ही कोणाला दिसत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन काँग्रेसने साथीपुरती भरपगारी आजारपणाची रजा देणारा कायदा केला. त्यातून 'आरोग्यसेवा देणाऱ्यांना' वगळण्याची मुभा मालकांना होती, आणि श्रमखात्याने त्या शब्दांची व्याख्या इतकी सैल केली की या सेविकाही तीत ओढल्या जाऊ शकत. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने ती व्याख्या रद्द केली, तोवर पहिली लाट ओसरली होती. मुखपट्टी वाटताना ती आरोग्यकर्मी नव्हे, रजा नाकारताना मात्र आरोग्यकर्मी!

या दुटप्पीपणाला तेथे जुना इतिहास आहे. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यात घरकाम करणारे नव्हते. १९७४ साली ते घेतले, तेव्हा म्हाताऱ्यांना 'सोबत' करणाऱ्यांना वगळले. सोबत म्हणजे जणू गप्पा मारीत बसणे. जमैकाहून आलेल्या एव्हेलिन कोक नावाच्या बाईंनी वीसपंचवीस वर्षे न्यूयॉर्कमध्ये हे काम केले आणि जादा तासांच्या वेतनासाठी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ साली तेथे सर्व न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. २००९ मध्ये त्या वारल्या. त्यानंतर २०१३ साली तेथील श्रमखात्याने नियम बदलला आणि २०१५ मध्ये तो न्यायालयात टिकला. जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. न्यूयॉर्क राज्यात तर चोवीस तासांच्या पाळीला तेरा तासांचे वेतन देण्याची रीत आहे. आठ तास झोपेचे आणि तीन तास जेवणाचे धरतात, आणि ही झोप व जेवण खरोखर मिळाले असेल तर ती कायदेशीर आहे, असे राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. मुलुंडची मावशी हे ऐकून म्हणाली, 'तिकडच्या म्हाताऱ्या रात्री आठ तास हाक मारीत नाहीत?'

घर म्हणजे कारखाना नव्हे

साथींचा आपल्याकडील कायदा १८९७ चा. मुंबईच्या प्लेगातून तो जन्मला. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यास, त्यांना घरातून हुसकावणाऱ्यास शिक्षा ठरली. चांगली गोष्ट झाली. मात्र चाळीतल्या मालकाने 'रोज आजाऱ्याकडे जातेस, खोली खाली कर' असे म्हटले, तर आपल्यालाही हा कायदा लागू आहे काय, हे ब्यूरोच्या बाईला कोण सांगणार होते?

खरी गाठ येथे आहे. कामाची जागा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, ऑफिस येते. घर येत नाही. घर म्हणजे माया, आपलेपणा. तेथे 'मालक', 'कामगार', 'अपघात', 'भरपाई' हे शब्द आपल्याला असभ्य वाटतात. मला स्वतःला वाटते, मावशी या संबोधनातही ही सोय आहे. मावशीला कोणी पगारी रजा देतो काय? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ साली घरकामगारांविषयी एक करार संमत केला, त्यात सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेचा त्यांचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यास मान्यता अद्याप दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी, घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी काय याचा विचार करण्यासाठी समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. आमच्या कोणाच्या घरी दहा मावशी असतात?

माझ्या ओळखीच्या डोंबिवलीच्या एका कुटुंबाने साथीनंतर एक गोष्ट केली. सासऱ्यांसाठी नवी बाई ठेवताना त्यांनी अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहिल्या. हातमोजे, मुखपट्ट्या घराने पुरवावयाच्या. महिन्याला दोन दिवस आजारपणाची रजा, पगारासह. घरात कोणालाही ताप आला तर तिला निघण्यापूर्वीच फोन करावयाचा, आणि ती आली नाही तरी त्या दिवसाचा पगार द्यावयाचा. रात्री थांबविले तर सलग सहा तास झोप, त्या वेळात घरातल्याने उठावयाचे. शेवटच्या कलमावर सूनबाई आणि चिरंजीव यांच्यात बरीच चर्चा झाली असे ऐकते. कागद घेऊन त्या ब्यूरोच्या कचेरीत गेल्या आणि खाली ब्यूरोचीही सही मागितली. चालकांनी तो दोनदा वाचला. 'तुमचे ठीक आहे हो,' ते म्हणाले, 'पण एका घरी लिहून दिले की बाकीच्या बायका मागायला लागतील.' सही झाली नाही. कागद सासऱ्यांच्या खोलीत, औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविलेला आहे. बाई गेली तीन वर्षे तीच आहे.